सूत्रं लपवून पाठव

४ जानेवारी

प्रकाशकांनी पुस्तक घ्यायचं ठरवलं. सकाळी साडेदहाला त्यांच्या संपादिकाबाईंनी फोनवर दुजोरा दिला. हस्तलिखिताची मुदत एकतीस मार्च.

विषय माझा जुनाच: बावीस वर्षांपूर्वी खालच्या वस्तीत पसरलेली कावीळ. चौदा माणसं गेली. पाणीखातं म्हणत होतं, पाणी शुद्ध आहे, लोकच बाहेरचं खातात. मी छापलं की शहराच्या प्रयोगशाळेत अकरा आठवडे क्लोरीन तपासायचं रसायनच नव्हतं, आणि तरी खात्याच्या अहवालात रोज 'समाधानकारक' असा शेरा पडत होता. तपासणीची खरी वही मला कुणी दाखवली ते छापलं नाही. 'विश्वसनीय सूत्रांकडून' एवढंच. ते सूत्र कोण, हे आजवर तिघांना माहीत आहे: मला, तीस वर्षं माझ्याबरोबर फोटो काढत हिंडलेल्या फोकसला, आणि तिला स्वतःला.

निवृत्त झाल्यापासून वह्या उघडल्या नव्हत्या. त्रेचाळीस आहेत. लाल वह्यांत माहिती, निळ्या वह्यांत माणसं. दोन्ही कधी एका पिशवीत नेल्या नाहीत. माझे पहिले मुख्य वार्ताहर सांगायचे, "नाव आणि माहिती यांचं लग्न लावायचं नाही. एका घरात नांदायला लागली की दोघंही पकडली जातात."

ही म्हणाली, "मुदत दिली ते बरं झालं. मुदत नसली की तुम्ही कोबी चिरायलाही दोन दिवस घेता."

९ जानेवारी

बहिणीची मुलगी दिवसभर येऊन बसली होती. ती कंपन्यांना आराखडे, चित्रं करून देते. वह्यांचे दोन खोके बघून म्हणाली, "मामा, हे कपाट झालं. तुम्हाला पटांगण पाहिजे. सगळं पसरून उभ्याने बघता आलं पाहिजे."

मग तिने संगणकावर मला एक फळा उघडून दिला. पांढरा, कडा नसलेला. जिकडे सरकवावं तिकडे वाढत जातो. एक मुद्दा, एक कार्ड. कार्ड ओढून कुठेही ठेवा, जवळ आणा, लांब न्या, रंग द्या, जुन्या कागदाचा फोटो डकवा. आणि एका कार्डापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढा: याच्यामुळे ते. कार्ड हलवलं तरी रेघ सुटत नाही, शेपटीसारखी मागे येते.

रेघेला त्या फळ्यावर काहीतरी अडनिडं इंग्रजी नाव होतं. मी म्हटलं, "आपल्याकडे चांगला शब्द आहे की. सूत्र. सूत म्हणजे दोरा, त्यावरून." तिला आवडला. "मामा, याला सूत्र लावू?" "मामा, हे सूत्र उलटं गेलंय." संध्याकाळपर्यंत घरात दुसरा शब्द उरला नव्हता. सगळ्या रेघांचा मिळून फळ्यावर एक वेगळा पदर असतो, त्यालाही तिने 'सूत्रे' असं नाव देऊन टाकलं. नावाशेजारी डोळ्याचं चित्र आहे. डोळा मिटला की सगळ्या रेघा गायब, उघडला की हजर. मी पाच-सहा वेळा मिटून-उघडून पाहिला.

ही चहा घेऊन आली आणि भाचीला म्हणाली, "मामाला मामा बनवू नकोस गं. त्यांना काम करायचंय."

१८ जानेवारी

तीनशे बारा कार्डं झाली. दोन वेगवेगळ्या वह्यांत बावीस वर्षं गप्प पडलेल्या दोन नोंदी काल शेजारी-शेजारी ठेवल्या आणि त्या बोलायला लागल्या. रसायनाची मागणी चारदा वर गेली होती आणि चारही वेळा एकाच टेबलावर थांबली होती. तेव्हा मला हे दिसलं नव्हतं. नोकरीत असताना हा फळा मिळता तर, असं दहा वेळा मनात आलं.

एक अडचण आहे. अकरा रेघा मधल्या रिकाम्या जागेकडे जातात आणि तिथे काहीच नाही. भाची म्हणाली, "मामा, मध्ये भोक आहे. इथे कोण बसतं?" मी म्हटलं, बघू.

१९ जानेवारी

भोक बुजवलं. कार्ड केलं, वर लिहिलं 'तुरटी'. निळ्या वहीत मी तिला याच नावाने लिहीत आलो. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसवते, म्हणून. नुसतं नाव ओकंबोकं दिसत होतं. बाकीच्या कार्डांवर दोन ओळी ओळख आहे, मग इथेही लिहिली: 'जलप्रयोगशाळा, दुसरा मजला. त्या वर्षी तिथे काम करणारी एकमेव स्त्री. मूळ वहीच्या प्रती हिने दिल्या.'

खरं नाव कुठेही घातलेलं नाही. फळ्याला पासवर्ड आहे. आता चित्र पुरं दिसतं.

२ फेब्रुवारी

फोकस जुने फोटो घेऊन आला. वस्तीतला नळ, टाकीचं गंजलेलं झाकण, रुग्णालयातली जमिनीवरची अंथरुणं. तिशीत त्याचे हात जसे स्थिर होते तसेच अजून आहेत. फक्त चष्मे दोन झालेत आणि नको तो डोळ्यावर असतो.

त्याला फळा दाखवला. "हे काय रे, दरोडेखोर पकडायचाय का?" म्हणत हसला. मग वाकून मधलं कार्ड वाचलं आणि हसायचा थांबला.

"ही इथे कशाला?"

"पासवर्ड आहे."

"पासवर्ड दाराला. तू खिडकीत दिवा लावून ठेवलायस. काढ ते."

"तीनशे कार्डांचा खांब आहे तो. काढला तर छप्पर खाली येईल."

"कोण कोण बघतं हे?"

"मी आणि भाची."

"आणि आता मी," तो म्हणाला. जाताना दारात पुन्हा तेच: "कोण कोण बघतं, नक्की?" नव्या गोष्टींची त्याला आधीपासून धास्ती. रंगीत फोटो आले तेव्हाही महिनाभर तोंड फुगवून होता.

११ फेब्रुवारी

तुरटीला वाचनालयात भेटलो. नेहमीसारखे शेजारच्या दोन टेबलांवर, पाठीला पाठ. आता तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. निवृत्तीला आठ महिने उरलेत. पुस्तकाचं सांगितलं.

"आठ महिने थांबता नाही येणार?"

"मुदत मिळालीय, बाई. पण तुमचं नाव येणार नाही. माझा शब्द आहे."

ती वर्तमानपत्राचं पान उलटत राहिली. मग विचारलं, "कुठे लिहून वगैरे नाही ना ठेवलंत?"

"वह्या कुलपात आहेत."

खरंच आहेत. चावी हिच्या डब्यात असते. तुरटी जरा वेळ थांबली, आणखी काही ऐकायचं असल्यासारखी. मग पर्स उचलली आणि गेली. मला वाटतं निवृत्ती जवळ आली की माणूस उगाच घाबरतं.

२० फेब्रुवारी

संपादिकाबाईंना प्रकरणं वाचण्याआधी फळाच बघायचाय. मी आधी नमुन्याला एक चित्र पाठवलं होतं, डाव्या कोपऱ्याचं. ते बघून त्या म्हणाल्या, "सर, मजकूर छान आहे, पण रेघांचं कोळ्याचं जाळं झालंय. डोळे फिरतात." हे मी भाचीला सांगितलं आणि तिला खूप हसू आलं.

दुपारी तिला फोन केला. तेवढ्यात दाराशी नळदुरुस्तीवाला येऊन उभा. एक कान त्याच्याकडे ठेवून मी सांगितलं, "त्यांना फळा पाठव. फक्त आधी सूत्रं लपव."

"सगळी?"

"सगळी. एकही दिसता कामा नये."

अर्ध्या मिनिटात म्हणाली, "लपवली. पाठवला. मामा, आता काय स्वच्छ दिसतंय म्हणून सांगू!"

शाब्बास म्हटलं. पोरगी पत्रकार व्हायला हवी होती.

२८ फेब्रुवारी

तिसरं प्रकरण पुरं. दुसरं काही नाही.

६ मार्च

तुरटीची प्रयोगशाळेतून उचलबांगडी झाली. खात्याच्या भांडारात बसवलंय. सरकारी दस्तऐवज बाहेर दिल्याबद्दल चौकशी लागली, आरोप सिद्ध झाला तर बडतर्फी. आधी फोकसने फोन केला. मी विश्वास ठेवला नाही, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला विचारलं. तिने दुजोरा दिला आणि वर म्हणाली, "तुम्ही विचारताय? तुम्ही?" मला त्याचा अर्थ लागला नाही.

बावीस वर्षं फुटलं नाही ते आता कसं फुटलं? तिघांनाच माहीत होतं. तिने स्वतः सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. राहिला एक.

ही म्हणाली, "आणि तुमचा तो फळा?"

"त्यातली सूत्रं लपवूनच पाठवली होती. माझ्यासमोर."

"तुमच्यासमोर नाही, फोनवर," ही म्हणाली. हिला शब्दांत पकडायची सवय आहे.

८ मार्च

आज फोकसच्या घरी गेलो. जाण्याआधी मुद्दे कागदावर काढले होते. आवाज चढवला नाही. मुलाखतीला बसल्यासारखं एकेक विचारत गेलो.

"कार्ड कोण-कोण बघतं असं तू मला दोनदा का विचारलंस?"

"काळजी वाटली म्हणून."

"चार तारखेला तू पाणीखात्याच्या इमारतीत होतास. आपल्या जुन्या शिपायाने पाहिलंय."

"टाकीचे फोटो काढायची परवानगी मागायला गेलो होतो. कुणाच्या पुस्तकासाठी, ते शिपायाने सांगितलं नाही का?"

"तिची बदली माझ्याआधी तुला कशी कळली?"

त्याने चष्मा काढला, दुसरा घातला, माझ्याकडे बघितलं. "तिने मला फोन केला, म्हणून. तुला करायची तिची इच्छा नव्हती."

"का?"

"ते तिलाच विचार." मग तो म्हणाला, "लिहून घेतोयस ना? घे. मी नाही सांगितलं, असं लिही. आणि त्याच्यापुढे 'या दाव्याला स्वतंत्र दुजोरा मिळू शकला नाही', तेही लिही. म्हणजे तुझी बातमी पुरी होईल."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. दोन कप होते. त्यातला एक त्या तशाच आत घेऊन गेल्या.

तीस वर्षं या माणसाच्या स्कूटरवर मागे बसून शहर पाहिलं. येताना त्याने आपले फोटो परत मागितले. मी म्हटलं, उद्या पाठवतो. सरळ उत्तर न देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मला कुणी शिकवायला नको. घरी येऊन पहिल्यांदा जाणवलं की माझा घात माझ्या बाजूने झाला, समोरच्या बाजूने नाही. समोरच्यांची निदान तयारी तरी असते.

१३ मार्च

पाणीखात्याचं पत्र आलं. वीस तारखेच्या चौकशीत साक्षीदार म्हणून उपस्थित राहावे ही विनंती. सोबत जोडपत्र: घडी घातलेला मोठा कागद. उलगडून जेवणाच्या टेबलावर पसरला. माझा फळा. तीनशे सत्तर कार्डं, प्रत्येक अक्षर वाचता येतं. मधोमध 'तुरटी', तिच्याखाली माझ्या तीन ओळी, तांबड्या शाईने चौकट केलेल्या.

आणि रेघ एकही नाही.

आधी मला कळेचना की रेघा कुठे गेल्या. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: 'सूत्रे: लपवलेली'. ते तीनदा वाचलं. मग खुर्चीवर बसलो.

संपादिकाबाईंना फोन केला. त्यांनी दुजोरा दिला. सव्वीस फेब्रुवारीला त्यांनीच फळा खात्याकडे पाठवला होता, त्यांची बाजू मागायला. "प्रत्येक पुस्तकाला करतो सर. वकिलांचा आग्रह असतो. आणि खाली लिहिलंच होतं की सूत्रं लपवलेली आहेत. मी म्हटलं, सरांनी काळजी घेतलीय. तुरटी हे मला काल्पनिक पात्रच वाटलं."

भाची धावत आली. कागद बघून म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणालात सूत्रं लपव. मी लपवली."

"अगं, सूत्र म्हणजे माणूस. ज्याने बातमी दिली तो."

"तुम्ही म्हणालात दोरा."

ती रडली. मी तिला रागावलो नाही, तसं लिहून ठेवतो. तिचा काय दोष? तिघांनी एकच शब्द वापरला, तिघांचे अर्थ वेगळे. शब्दाने घात केला. चाळीस वर्षं ज्यांच्यावर पोट भरलं त्यांच्यातलाच एक उलटला.

ही कागदाची घडी घालत होती. म्हणाली, "शब्दाला हात असतात का हो, कार्ड लिहायला?"

१४ मार्च

सकाळी फोकसकडे गेलो, माफी मागायला. वहिनी म्हणाल्या, ते घरात नाहीत. दोन्ही चपला दारात होत्या. मी म्हटलं, आल्यावर सांगा. त्या म्हणाल्या, "सांगते, भाऊजी." आणि दार इतकं हळू लावलं की कडीचा आवाजही आला नाही.

१५ मार्च

मधलं कार्ड पुसलं. अकरा रेघाही त्याबरोबर गेल्या. काय उपयोग.

१६ मार्च

भांडारात गेलो. लांबट शेड, दोन्ही बाजूंना पाइपांचे ढीग, नादुरुस्त मीटरांच्या पेट्या. शेवटी एक टेबल आणि त्यामागे तुरटी, झडपांची यादी तपासत. इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांकडे तोंड करून बसलो.

"बसा. खुर्ची एकच आहे आणि ती माझी. त्या पेटीवर टेका."

मी सगळं सांगितलं. फळा, पदर, डोळा, भाची, नळदुरुस्तीवाला. तिने मधे तोडलं नाही. यादीवर तीन खुणा केल्या.

"म्हणजे शब्दाची चूक झाली."

"हो."

"कार्ड कुणी लिहिलं?"

"मी."

"त्यात कुठला शब्द चुकला?"

मी पेटीवर जरा सरकून बसलो.

"तुमच्या मित्राने मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत नाही म्हणून माझ्याकडे आले बिचारे. मी म्हटलं, थांबा, ते स्वतः सांगतील. मग वाचनालयात मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मला वह्यांचं कुलूप सांगितलंत."

"ते खोटं नव्हतं."

"नव्हतं. आमच्या अहवालांतही खोटं कुणी लिहीत नव्हतं. 'समाधानकारक'. कुणाला समाधान, ते लिहायचं नाही, एवढंच."

मी म्हटलं, चौकशीत मी सांगेन की ते कार्ड कल्पित आहे. तुरटी नावाचं कुणी नाही, प्रती मला टपालाने आल्या. पुस्तक गेलं तरी चालेल. हे बोलताना मला जरा बरं वाटत होतं.

"म्हणजे वही कल्पित? मग ती चौदा माणसंही कल्पितच." तिने पेन्सिल खाली ठेवली. "खोटा शेरा मारायचा असता तर तेव्हाच मारला असता हो. किती सोपं होतं. माझ्यासाठी खोटं बोलू नका आणि येऊही नका. प्रती मी दिल्या, असं मीच सांगणार आहे. मग त्यांना तुमची गरज नाही."

"आठ महिने राहिले होते," मी म्हणालो.

"सात. मी मोजतेय."

निघताना ती एवढंच म्हणाली: "विचारायचं होतंत एकदा. मी नाही म्हटलं असतं. पण विचारायचं होतंत."

बसने आलो. वाटेत सारखं वाटत होतं की फोकसने मला न सांगता तिच्याकडे जायला नको होतं. मग आठवलं, त्याने आधी मलाच सांगितलं होतं. माझ्याच टेबलावर वाकून. हे आठवायला मला आठ थांबे लागले.

१९ मार्च

तुरटी उद्या आरोप मान्य करणार आहे. तिच्या बहिणीने दुजोरा दिला. सोबत फोकस जाणार आहे, हे वहिनींकडून कळलं. त्या दारातच बोलल्या, पण बोलल्या.

संपादिकाबाईंना कळवलं की हस्तलिखित एकतीसला मिळणार नाही. त्यांना वाटतंय की नाव उघड होणारच असेल तर पुस्तकाला बळच येईल. "आता तर सर, आपल्याला लपवायचं काहीच उरलं नाही." मी म्हटलं, ते ठरवणारा मी नाही आणि तुम्हीही नाही. त्यांनी विचारलं, मग कोण? मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मुदत चुकवतोय. ही कोबी चिरत होती.

माझ्या जुन्या वर्तमानपत्रातली एक वार्ताहर उद्या चौकशीला असेल. संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, त्या बाईंचं नाव छापायला तुमची हरकत नाही ना? सूत्र तुमचं आहे, म्हणून विचारलं."

मी सांगितलं, माझं नाही. त्यांना विचार. त्या नाही म्हणाल्या तर छापू नकोस, आणि छापणार नाही असं सांगितलंस तर ते कुठे लिहूनही ठेवू नकोस.

चौकशी अकराला सुरू होईल, पाणीखात्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. निर्णयाला पंधरा दिवस लागतील असं समजतं. तुरटी आपला जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून नेणार आहे. वार्ताहर पावणेअकराला जिन्याशी उभी राहून तिला विचारणार आहे.